न बसणारे भाग: अ‍ॅम्प्लिफायर किट जोडताना

किटच्या पिशव्या फोडायच्या आधी मी टेबलावर मल्टिमीटर, करंटची मर्यादा बांधता येणारा बेंच सप्लाय आणि कोरा कागद मांडून ठेवते. सोल्डरिंग आयर्न त्या दिवशी ड्रॉवरमध्येच राहतं. यादीत लिहिलेला भाग, पिशवीवर लिहिलेला भाग आणि पिशवीतून हातात आलेला भाग हे तिन्ही एकच आहेत याची खात्री मोजल्याशिवाय होत नाही. आणि चुकीचा भाग एकदा सोल्डर झाला की तो काढताना बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटून येण्याची भीती असते.

हे किट स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरचं होतं. प्रत्येक चॅनेलला नेहमीची क्लास एबी रचना, म्हणजे लहरीचा वरचा आणि खालचा भाग दोन वेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात: इनपुटला ट्रान्झिस्टरची जोडी, मागे व्होल्टेज वाढवणारा टप्पा, बायस (गाणं नसतानाही पॉवर ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) सांभाळणारा ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर, आणि शेवटी २एससी५२०० व २एसए१९४३ ही पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी. सोबत २५-०-२५ व्होल्टचा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, ते सपाट करणारे फिल्टर कॅपॅसिटर, स्पीकर वाचवणारा रिले, व्हॉल्यूम पॉट आणि अ‍ॅल्युमिनियमचा डबा. सर्किट खरंच चांगलं होतं, बोर्डही जाड आणि स्वच्छ छापलेले. भाग मात्र कुठे चुकीचे, कुठे संशयास्पद, तर कुठे जागेवर न बसणारे. त्यातल्या कुठल्या भागाशी जुळवून घेतलं, कुठला सरळ नाकारला आणि का, ते इथे सांगते.

सुरुवात रेझिस्टरपासून. निळ्या अंगाच्या १ टक्कावाल्या रेझिस्टरवर पाच पट्ट्या असतात, आणि त्यांतला तपकिरी, लाल, नारिंगी यांतला फरक दिव्याच्या उजेडात नीट कळत नाही. पट्ट्या वाचत बसण्यापेक्षा मीटरला लावून मोजावं, मोजलेला कागदावर टोचून ठेवावा आणि शेजारी किंमत लिहावी. हे काम कंटाळवाणं नाही. एकेक भाग हातातून गेला की सर्किट आपोआप पाठ होत जातं.

पॉवर ट्रान्झिस्टरच्या एमिटरचे (एमिटर, बेस आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय) ०.२२ ओहमचे, ५ वॅटचे सिमेंटचे रेझिस्टर मात्र साध्या मीटरवर मोजता येत नाहीत. मीटरच्या वायरींचा रोधच तेवढा, कधीकधी त्याहून जास्त भरतो. म्हणून बेंच सप्लायची मर्यादा १ अँपिअरवर बांधली, तो करंट रेझिस्टरमधून सोडला आणि मीटरची टोकं रेझिस्टरच्या अंगालगत टेकवून व्होल्टेज घेतलं. ०.२२ ओहमला २२० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. तसे दिसतही होते, आणि मग एकावर एकदम २.२ व्होल्ट आले. भिंग धरून पाहिलं तर बाकीच्यांवर ‘आर२२’ आणि याच्यावर ‘२आर२’ छापलेलं. दहापट किंमत.

हा रेझिस्टर बोर्डावर गेला असता तरी अ‍ॅम्प्लिफायर वाजला असता, आणि मला खरी काळजी असल्याच दोषांची वाटते. बायस लावताना या रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट आले की ५० मिलिअँपिअर वाहतात असं आपण धरतो. प्रत्यक्षात तिथे ५ मिलिअँपिअरच वाहिले असते. त्या चॅनेलमध्ये हलक्या आवाजाला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना लहरीत पडणारा खंड) आलं असतं आणि कारण भलतीकडेच शोधलं गेलं असतं. जळणारा भाग स्वतःची जागा दाखवतो. चुकीच्या किमतीचा भाग काहीच दाखवत नाही.

पुढची अडचण पायांची होती. बोर्डावर इनपुटची जोडी २एन५५५१ साठी आखलेली. त्याची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असा क्रम. पिशवीत मात्र केएससी१८४५ निघाले. पर्याय म्हणून हा ट्रान्झिस्टर उत्तम आहे: कमी नॉइजचा, १२० व्होल्ट सोसणारा, इनपुटच्या जागेला तर २एन५५५१ पेक्षा मला जास्त पसंत. पण त्याचा क्रम एमिटर, कलेक्टर, बेस. आकार तोच, पाय तीनच, भोकांत अगदी अलगद बसतो, आणि बसला की चुकीचा बसतो.

बीसी५४६ असता तर काम सोपं होतं. त्याचा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे २एन५५५१ च्या बरोबर उलटा, त्यामुळे अर्धा फिरवून लावला की झालं. इथे मधला आणि कडेचा पाय एकमेकांना ओलांडून न्यावे लागणार होते. बेसच्या पायावर बारीक स्लीव्ह चढवली, तो मागच्या बाजूने वळवून मधल्या भोकात नेला, कलेक्टरचा पाय पुढून कडेच्या भोकात. ट्रान्झिस्टर बोर्डापासून थोडा उंच राहतो, पण पायांवर ताण येत नाही. सोल्डर करायच्या आधी मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर बोर्डाच्या खालच्या बाजूने दोन्ही जंक्शन तपासली: बेसला लाल टोक धरलं की एमिटर आणि कलेक्टर दोन्हीकडे साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट. बेस कुठला ते इथे पक्कं होतं. एमिटर आणि कलेक्टर यांची अदलाबदल मात्र या चाचणीत कळत नाही. त्यासाठी मीटरचं एचएफई सॉकेट वापरायचं, ट्रान्झिस्टरचा गेन (करंट किती पट वाढतो तो आकडा) मोजणारं. उलटा घातला तर आकडा अगदीच कमी येतो.

त्याच सॉकेटवर जोड्या लावल्या. इनपुटच्या दोन ट्रान्झिस्टरचा गेन जितका जवळ, तितका आउटपुटचा डीसी ऑफसेट (सिग्नल नसताना आउटपुटवर उरणारं डीसी व्होल्टेज) कमी. दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना लावून वरून हीटश्रिंकचा तुकडा चढवला, म्हणजे दोघांचं तापमानही सारखं राहील. या भागाशी जुळवून घेण्यात मला काहीच कमीपणा वाटला नाही. उलट मूळ यादीपेक्षा चांगला भाग आत गेला.

फिल्टर कॅपॅसिटरचं मात्र तसं नव्हतं. पिशवीत १०,००० मायक्रोफॅरडचे चार कॅपॅसिटर, बोर्डाच्या भोकांत नेमके बसणारे, छापलेल्या वर्तुळात नेमके मावणारे. अंगावर लिहिलेलं ३५ व्होल्ट. आता गणित करा. ट्रान्सफॉर्मर २५ व्होल्ट एसी देतो. ब्रिजनंतर कॅपॅसिटर त्याच्या शिखरापर्यंत चार्ज होतो, म्हणजे २५ गुणिले १.४१४, साधारण ३५.४ व्होल्ट. त्यातून डायोडवरचं थोडं वजा. पण २५ व्होल्ट हा आकडा पूर्ण लोड असतानाचा. लोड नसताना टोरॉइड थोडं जास्तच देतो. ब्रिज तात्पुरता जोडून, १०० व्होल्टचा एक छोटा कॅपॅसिटर लावून मोजलं, तर दोन्ही बाजूंना ३७.५ व्होल्ट आले. मेन्स १० टक्क्यांनी चढली तर ४१.

म्हणजे जो भाग सगळ्यांत छान बसत होता, तोच मुळीच चालणारा नव्हता. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मर्यादेच्या थोडं वर ठेवला तर लगेच फुटेलच असं नाही, आणि म्हणूनच बरेच जण तो तसाच चालवतात. पण लीकेज करंट वाढतो, त्याने आत उष्णता होते, उष्णतेने इलेक्ट्रोलाइट सुकतो, आणि एखाद्या दिवशी माथ्यावरची खाच उघडते. ज्या भागात सगळ्यात जास्त ऊर्जा साठलेली असते, तिथे ‘चालतंय की’ हे उत्तर मला पटत नाही. चारही बाजूला काढले.

बदली शोधताना जागेचा प्रश्न आला. स्नॅप-इन कॅपॅसिटरच्या दोन पायांतलं अंतर साधारणपणे १० मिलिमीटर असतं, त्यामुळे भोकं जुळतात. पण त्याच किमतीचा जास्त व्होल्टेजचा कॅपॅसिटर जाड असतो. ६३ व्होल्टचे १०,००० वाले शेजारी शेजारी उभे राहीनात. एक बसवला की दुसरा तिरका. तिरका बसवून, पायांवर जोर देऊन ते मावले असते, पण ट्रान्सफॉर्मरच्या थरथरीने अशा सोल्डरला कालांतराने तडा जातो. मी ६८०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे, २५ मिलिमीटर व्यासाचे घेतले. ५० हर्ट्‌झच्या मेन्सवर ब्रिजनंतर दर १० मिलिसेकंदांनी कॅपॅसिटर भरतो. १ अँपिअर ओढला तर ६८०० वर सुमारे दीड व्होल्टचा रिपल (सप्लायमधला चढउतार), १०,००० वर १ व्होल्ट. या सर्किटची इनपुट जोडी करंट सोर्सवर चालते, त्यामुळे सप्लायवरचा तेवढा रिपल ते आरामात पचवतं. किंमत कमी झाली तरी चालेल, व्होल्टेजची मर्यादा कमी असलेली चालणार नाही.

एक गोष्ट याच ओघात. प्रत्येक कॅपॅसिटरला समांतर ब्लीडर रेझिस्टर (वीज बंद केल्यावर साठा हळूहळू उतरवणारा) असला तरी हात घालण्यापूर्वी १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कॅपॅसिटरच्या दोन टोकांना अर्धा मिनिट लावून ठेवावा आणि मग मीटरने शून्य पाहावं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती सोडावी. कॅपॅसिटरलाही ते सोसत नाही आणि डोळ्यांनाही.

आता पॉवर ट्रान्झिस्टर. २एससी५२०० आणि २एसए१९४३ यांच्या नकला इतक्या पसरल्या आहेत की पिशवीतल्या जोड्यांकडे मी पहिल्यापासून संशयाने पाहत होते. डेटाशीटप्रमाणे हे २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचे. नकलेच्या आत बहुधा लहान चिप असते. बिनालोडचं सगळं तपासून घ्या: डायोड रेंजवर पास, एचएफईवर पास, हलक्या आवाजात गाणंही नीट वाजेल. आवाज वाढवला, ट्रान्झिस्टर तापला, की काही सेकंदांत कलेक्टर-एमिटर शॉर्ट, आणि सप्लायचा अख्खा डीसी स्पीकरच्या कॉइलवर.

बाहेरून पाहताना दोन गोष्टी खटकल्या. दोन ट्रान्झिस्टरवर बॅच क्रमांक एक, पण पाठीच्या तांब्याच्या पत्र्यावरचं फिनिश वेगळं: एकाची पाठ मंद, एकाची चकचकीत. शिवाय थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाने घासल्यावर एकाची छपाई पुसट झाली. यावरून निकाल देता येत नाही, छपाईच्या पद्धती बदलत असतात. मग मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर कलेक्टर आणि बेस यांच्यातली कपॅसिटन्स घेतली. एनपीएनमध्ये कलेक्टरला लाल टोक, बेसला काळं, एमिटर मोकळा. चिप जितकी मोठी तितकं जंक्शन मोठं, आणि तितकी कपॅसिटन्स जास्त. माझ्याकडे एका जुन्या, वर्षानुवर्षं नीट चाललेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेली २एससी५२०० ची एक प्रत होती. तिच्याशी ताडून पाहिलं. चकचकीत पाठीचे जवळपास तिच्याएवढे. मंद पाठीचे निम्म्याच्याही खाली.

खरी परीक्षा उष्णतेची. संशयित ट्रान्झिस्टर मोठ्या हीटसिंकवर पेस्ट लावून घट्ट बसवला, एमिटरला १ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर, कलेक्टरला बेंच सप्लायचे २५ व्होल्ट, बेसला पॉटमधून हळूहळू करंट. १५० वॅटच्या ट्रान्झिस्टरला २५ व्होल्टवर दीड अँपिअर म्हणजे काहीच नाही. १ अँपिअरला तो ठीक होता. दीडला आकडा आपोआप वर सरकू लागला, मी बेसचा करंट कमी केला तरी तो थांबेना, आणि पुढच्या क्षणी सप्लायचा मर्यादेचा दिवा लागून व्होल्टेज कोसळलं. कलेक्टर-एमिटर शॉर्ट. तो पक्कडीत धरून फोडला. तांब्याच्या रुंद पत्र्यावर जेमतेम दोन मिलिमीटरची चौकोनी चिप होती. उष्णता पसरायला पत्रा भरपूर होता, पण ती निर्माण होत होती त्या एवढ्याशा ठिपक्यात. चकचकीत पाठीच्यांना त्याच मांडणीत २ अँपिअरवर बराच वेळ ठेवलं. हीटसिंक हात ठेवता येणार नाही इतकी तापली, आकडा मात्र सावकाश चढून स्थिरावला.

किट पाठवणाऱ्यांना मी आकडे, फोटो आणि फोडलेल्या ट्रान्झिस्टरचं चित्र असं सगळं लिहून पाठवलं. ‘तुमचा भाग नकली आहे’ असं नुसतं म्हटलं तर वाद होतो. दोन प्रतींची कपॅसिटन्स आणि कोणत्या व्होल्टेजला, कोणत्या करंटला तो गेला, हे लिहिलं तर बोलणं होतं. त्यांनी बदली पाठवली. बदलीही मी त्याच मांडणीवर तपासली, आणि ती टिकली.

हीटसिंकवर बसवणं हा या किटचा सगळ्यात नाजूक टप्पा, आणि मला सगळ्यात आवडलेलाही. हीटसिंकमध्ये एम३ चे आटे आधीच पाडलेले होते, पण बोर्डावरच्या पॅडच्या मानाने भोकं मिलिमीटरभर सरकलेली. जोडणीच्या पत्रकात लिहिलं होतं, आधी ट्रान्झिस्टर बोर्डावर सोल्डर करा, मग स्क्रू लावा. हे मी मुद्दाम उलटं केलं. आधी ट्रान्झिस्टर हीटसिंकवर पूर्ण कसायचे, बोर्ड त्याच्या खांबांवर कसायचा, पाय भोकांत आपसूक येतील असे वाकवायचे आणि मग सगळ्यात शेवटी सोल्डर. म्हणजे मिलिमीटरभराची चूक पायाच्या वळणात जाते, पॅडवर ताण येत नाही. पाय वाकवताना अंगालगत वाकवू नये. अंगाशी चिमट्याने धरून त्याच्या पुढे वळण द्यावं, नाहीतर प्लास्टिकला केसाएवढी भेग जाते आणि ती दिसतही नाही.

२एससी५२०० ची तांब्याची पाठ कलेक्टरला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर सप्लायचे ३७ व्होल्ट. हीटसिंक डब्याला, डबा अर्थिंगला. मध्ये फक्त अभ्रकाचा पापुद्रा. आटे पाडताना भोकाच्या काठाला धातूची बारीक कड उठते. डोळ्याला ती दिसत नाही. बोटाचं नख भोकाच्या दिशेने ओढलं की अडकतं. स्क्रू कसला की ही कड अभ्रकात घुसते. त्या दिवशी मीटर काहीच दाखवत नाही. गरम-थंड होत कड हळूहळू आरपार जाते आणि मग एका संध्याकाळी फ्यूज जातो. मी प्रत्येक भोकावर ८ मिलिमीटरचं ड्रिल बिट हाताने धरून दोन-तीन वेळा हलकं फिरवलं, इतकं की काठाला नुसती झाक यावी. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यावर हीटसिंकची पाठ गोल गोल घासली. त्याआधी पृष्ठभागावर मार्करने जाळी काढली होती. जिथे शाई राहिली तिथे खड्डा, जिथे पटकन गेली तिथे उंचवटा. शाई सगळीकडून सारखी जाईपर्यंत घासायचं, मग पाण्याने धुऊन, पुसून, नवं अभ्रक, दोन्ही बाजूंना पेस्टचा इतका पातळ थर की अभ्रक खालून दिसावं.

ड्रायव्हर टीआयपी४१सी आणि टीआयपी४२सी होते, टीओ-२२० पॅकेजचे. इथे पाठीच्या धातूतूनच स्क्रू जातो, म्हणून अभ्रकाबरोबर प्लास्टिकचं बुशही लागतं. स्क्रू पूर्ण कसला, हाताला घट्ट लागला, आणि तरीही ट्रान्झिस्टरच्या कोपऱ्यावर बोट दाबलं तर तो डुलला. कारण बुशच्या मानेत होतं. या पॅकेजची धातूची पाठ साधारण १.३ मिलिमीटर जाड. बुशची मान २ मिलिमीटरहून लांब. म्हणजे मान धातूतून पार होऊन थेट हीटसिंकला टेकत होती आणि स्क्रूचा सगळा जोर ट्रान्झिस्टरवर न येता बुशवर जात होता. आटे पाडलेलं भोक अरुंद, त्यामुळे मान आतही जाईना. मीटरवर इन्सुलेशन अगदी ठीक, दिसायला सगळं ठीक, पण ट्रान्झिस्टर हीटसिंकवर टेकलेलाच नाही. धारदार ब्लेडने प्रत्येक बुशची मान १ मिलिमीटरवर आणली. परत कसल्यावर कडेने पेस्टची बारीक रेघ एकसारखी बाहेर आली, तेव्हा समाधान झालं. स्क्रू कसून झाल्यावर भाग बोटाने हलवून पाहायचा, हे प्रत्येक पत्रकात छापायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बायस सांभाळणाऱ्या बीडी१३९ साठी तर हीटसिंकमध्ये भोकच नव्हतं. तो बोर्डावर हवेत उभा राहील अशी मांडणी होती. हे मी मान्य केलं नाही. तापमान १ अंशाने वाढलं की ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. पॉवर ट्रान्झिस्टर तापल्यावर बायस आपोआप कमी व्हायचा तर बीडी१३९ ला ती उष्णता कळायला हवी. २.५ मिलिमीटरचं भोक पाडून एम३ चे आटे काढले, दोन पॉवर ट्रान्झिस्टरच्या मधोमध तो बसवला, अभ्रकासकट, आणि तीन लहान वायरी पिळून बोर्डाकडे नेल्या. मग प्रत्येक कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावून, बोर्ड थोडा वाकवत, स्क्रू आणखी पाव फेरा आवळत तपासलं. कुठेच बीप नाही.

टोरॉइडबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. तो मधल्या बोल्टवर बसतो, आणि किटमधला बोल्ट इतका लांब होता की झाकण लावल्यावर त्याचं टोक झाकणाला जवळजवळ भिडत होतं. टोरॉइडच्या मधून गेलेला बोल्ट खाली तळाला टेकतो. वरूनही झाकणाला टेकला तर बोल्ट, झाकण, बाजूच्या भिंती आणि तळ मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती धातूचा एक पूर्ण वेढा होतो. म्हणजे एका वेढ्याची शॉर्ट केलेली सेकंडरी. तिच्यातून प्रचंड करंट वाहतो, फ्यूज जातो, आणि फ्यूज चुकीचा असेल तर ट्रान्सफॉर्मर. झाकणावरच्या रंगावर किंवा अ‍ॅनोडायझिंगवर भरवसा ठेवू नये, एका ओरखड्यात ते जातं. बोल्ट कापला, कानशीने टोक गुळगुळीत केलं, झाकण आणि टोक यांत ८ मिलिमीटर मोकळे ठेवले.

व्हॉल्यूम पॉटचे पाय बोर्डाच्या भोकांत बसत नव्हते, आणि मला ते बसवायचेही नव्हते. आधी मोजलं. लॉग पॉटच्या दोन्ही भागांना (प्रत्येक चॅनेलला एक) एकच सिग्नल देऊन आउटपुट घेतलं. वरच्या अर्ध्यात दोन्ही सारखे, पण खाली, जिथे माणूस रात्री ऐकतो त्या भागात, एक बाजू दुसरीपेक्षा ३ डेसिबलने मागे. गायकाचा आवाज मधून एका बाजूला सरकायला तेवढं पुष्कळ झालं. दुसरा १० किलोओहमचा पॉट घेतला, समोरच्या पट्टीवर नटने कसला आणि शील्डेड वायरने बोर्डाला जोडला. शील्ड एकाच टोकाला.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब लावला, ६० वॅटचा, जुन्या फिलामेंटचा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बायस ठरवणारा छोटा पॉट, म्हणजे प्रीसेट, कुठल्या टोकाला कमीत कमी बायस देतो ते आधी मीटरने पाहून तिथे ठेवला होता. बल्ब क्षणभर उजळला, कॅपॅसिटर भरले आणि तो विझत आला. स्पीकर न जोडता आउटपुटचा डीसी: डाव्या चॅनेलला ९ मिलिव्होल्ट, उजव्याला १४. बल्ब काढून बायस सावकाश ११ मिलिव्होल्टवर आणला आणि झाकण लावून तापू दिलं. अर्ध्या तासाने आकडा ११ वरून ९.५ वर आला होता, म्हणजे बीडी१३९ ला उष्णता नीट कळत होती. तो पुन्हा ११ केला.

मग ८ ओहमच्या वायरवाउंड रेझिस्टरवर १ किलोहर्ट्‌झचा साइन. २० व्होल्ट आरएमएसपर्यंत ऑसिलोस्कोपवर माथा गोल राहिला, म्हणजे ५० वॅट. त्याच्या वर सप्लाय संपतो आणि माथा सपाट होतो, पण दोन्ही बाजूंनी सारखाच, आणि आवाज कमी केला की लगेच सावरतो. कुठलीही भुरभुर, कुठलंही ऑसिलेशन नाही. दोन्ही चॅनेल एकाच वेळी तासभर चालवले. पॉवर ट्रान्झिस्टरच्या शेजारी आणि ड्रायव्हरच्या शेजारी हीटसिंकचं तापमान २ अंशांच्या आत सारखं होतं.

किट पाठवणाऱ्यांनी नंतर विचारलं, ६८०० मायक्रोफॅरडने हम (मेन्सची गुणगुण) वाढला का. इनपुट शॉर्ट करून आउटपुटवर एसी मिलिव्होल्टमध्ये जे दिसलं ते मी कळवलं: दोन्ही चॅनेल ०.३ मिलिव्होल्टच्या खाली. सोबत हेही लिहिलं की पुढच्या बोर्डात दोन कॅपॅसिटरच्या केंद्रांतलं अंतर वाढवून ३८ मिलिमीटर केलं, तर १०,००० चे ६३ व्होल्टवालेही सरळ उभे राहतील, आणि मापांचं रेखाटन जोडून दिलं.